मोजून केलेली जखम

पुणे, नाशिक, कोल्हापूर, कोणत्याही शहरात त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरची पाटी वाचा. गजकर्ण, इसब, कोड यांच्या खाली आता केमिकल पील, फ्रॅक्शनल लेझर, कार्बन पील, मायक्रोनीडलिंग अशी नावं दिसतात. यंत्रं वेगळी, दर वेगळे, दावेही वेगळे. पण सुरकुत्या आणि उन्हाचे डाग घालवण्याच्या या उपचारांच्या मुळाशी एकच क्रिया आहे. त्वचेला जाणूनबुजून, ठरवलेल्या खोलीपर्यंत इजा करायची आणि ती भरून काढताना शरीराला नवी त्वचा बांधू द्यायची. नवी त्वचा ना आम्ल बनवतं, ना लेझर. ती रुग्णाचं शरीरच बनवतं. डॉक्टरच्या हातात असतं ते जखमेचं माप.

म्हणून यंत्र कुठल्या कंपनीचं आणि कितव्या पिढीचं हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. जखम किती खोल होणार, किती जागेवर होणार आणि कोणत्या रंगाच्या त्वचेवर होणार? आपल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांसाठी यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जाहिरातींत नेमका तोच सापडत नाही, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारणही तेच.

आधी खोलीचा हिशेब. चेहऱ्यावरचा त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, मरतात आणि कोंड्यासारख्या झडून जातात. तरुणपणी हा प्रवास साधारण चार आठवड्यांत पुरा होतो, वय वाढलं की लांबतो. याच तळच्या ओळीत मधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात आणि त्या मेलॅनिन तयार करून शेजारच्या पेशींना वाटतात. खाली एक-दोन मिलिमीटरची अंतस्त्वचा. कोलॅजेनचे दोर, इलॅस्टिनचे लवचिक धागे, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं या थरात असतात. चेहऱ्याचा घट्टपणा कोलॅजेनमुळे येतो. खरी सुरकुती पडते ती या खालच्या थरात. वरचा थर तिच्यावर नुसता दुमडतो.

एक तपशील इथेच लक्षात ठेवायला हवा. बाह्यत्वचा पूर्ण निघून गेली तरी ती पुन्हा येते, कारण केसांच्या मुळांच्या आणि तेलग्रंथींच्या भिंतींत तिच्या मूळ पेशी शिल्लक असतात. तिथून त्या वर येतात आणि जखमेवर पसरतात. चेहऱ्यावर अशी मुळं दाट असतात, म्हणून चेहरा भराभर भरून येतो. गळ्यावर आणि हाताच्या पाठीवर ती विरळ असतात. जी ताकद गालावर निर्धोक ठरते, तीच मानेवर वण ठेवू शकते. चेहऱ्यावर लेझर करून घेतल्यावर ‘आता मानेवरूनही फिरवा’ असं म्हणणाऱ्या रुग्णाला चांगला डॉक्टर थांबवतो तो यासाठीच.

उन्हाने त्वचेचं काय होतं याचं एक छायाचित्र २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. ६९ वर्षांचा एक अमेरिकन माणूस. २८ वर्षं त्याने मालवाहू ट्रक चालवला होता. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाला साजेशी, डाव्या बाजूवर मात्र खोल चिरा आणि जाड, लोंबती कातडी. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि खिडकीचं ऊन त्याच्या डाव्या गालावर येतं. माणूस एक, वय एक, खाणंपिणं एक, फरक फक्त उन्हाचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा एसटीच्या किंवा ट्रकच्या जुन्या चालकाचा उजवा गाल नीट पाहावा.

या छायाचित्रात आणखी एक धडा आहे. खिडकीला काच होती. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे ‘यूव्हीबी’ किरण साध्या काचेत जवळपास अडकतात, पण जास्त लांब तरंगांचे ‘यूव्हीए’ किरण बरेचसे आरपार जातात आणि अंतस्त्वचेपर्यंत पोचतात. त्यांनी कातडी लाल होत नाही, आग होत नाही, त्यामुळे नुकसान होत असल्याचा पत्ताच लागत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे नुकसान कसं होतं ते उलगडून दाखवलं. अतिनील किरण पडल्यावर काही तासांतच त्वचेत कोलॅजेन कातरणारी विकरं वाढतात, आणि त्याच वेळी नवं कोलॅजेन बनवण्याचं काम मंदावतं. शरीर दुरुस्ती करतं, पण ती अपुरी असते. प्रत्येक वेळी थोडी उणीव राहते आणि वर्षानुवर्षं साठत जाते. इलॅस्टिनचे धागे तर तुटण्याऐवजी विद्रूप होऊन गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली उन्हाने जुनी झालेली त्वचा ओळखू येते ती या गचपणीवरून.

हे सगळं गोऱ्या त्वचेवर लवकर आणि उघड दिसतं. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे अंतस्त्वचेला थोडं नैसर्गिक छत मिळतं आणि सुरकुत्या बऱ्याच उशिरा पडतात. पण त्या आधी दुसरं काही दिसू लागतं: कपाळ आणि गाल काळवंडणं, वांग, डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं, गालांवर उगवणारे बारीक काळे मस. शेतावर राबणाऱ्या, रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर चाळिशीत ऊन दिसतं ते रंगाच्या रूपात. त्वचा नव्याने आणण्याचे उपचार मात्र युरोप-अमेरिकेत, गोऱ्या त्वचेवरच्या सुरकुत्यांसाठी घडले. ते आपल्याकडे जसेच्या तसे आणले, तर मुख्य तक्रारच वाढण्याची भीती असते. त्याकडे पुढे येतो.

या उपचारांत सर्वांत जुनी आम्लं. आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल असतं, उसात ग्लायकोलिक, चिंचेत टार्टारिक. फळांच्या आणि दुधाच्या या आम्लांच्या कुळाकडे त्वचाविज्ञान १९७४ नंतर गंभीरपणे पाहू लागलं. त्या वर्षी अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी माशाच्या खवल्यांसारखी कातडी होण्याच्या आजारावर ही आम्लं लावून पाहिली, आणि मृत पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारी पकड त्यांनी सैल होते असं दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, हॅम्बर्गच्या पॉल गेरसन उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल आणि फिनॉल यांचे त्वचेवरचे परिणाम लिहून ठेवले होते. आजच्या दवाखान्यांतल्या पील्सपैकी बहुतेकांचं मूळ या यादीत सापडतं.

दवाखान्यात ग्लायकोलिक पील होतं तेव्हा २० ते ७० टक्क्यांचं द्रावण ब्रशने चेहऱ्यावर पसरतात, घड्याळ लावतात, आणि वेळ संपली की सोड्याच्या पाण्याने आम्ल निकामी करतात. नुसती टक्केवारी पाहून या पीलची ताकद कळत नाही. द्रावण किती आम्लधर्मी आहे आणि ते किती मिनिटं राहिलं, यावर खोली ठरते. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाची चाल वेगळी. ते लावताच त्वचेतली प्रथिनं गोठतात आणि कातडीवर पांढरा थर चढतो. विरळ, ढगाळ पांढरेपणा म्हणजे इजा वरवरची, घट्ट खडूसारखा पांढरा म्हणजे अंतस्त्वचेत उतरलेली. डॉक्टर रंग वाचत वाचत हात आवरता घेतो. ३५ टक्क्यांपर्यंतचं द्रावण मध्यम खोलीच्या पीलसाठी वापरतात. ५० टक्क्यांच्या वर वण पडण्याचा धोका इतका वाढतो की पूर्ण चेहऱ्यासाठी ते कुणी जाणता वापरत नाही. आणि हीच द्रावणं इंटरनेटवर बाटलीत विकायला असतात, घरी आरशासमोर लावण्यासाठी. याबद्दल सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही, ते करू नये. तसंच लिंबू चोळून उन्हात जाणंही. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं अतिनील किरणांत त्वचा पोळतात आणि मागे महिनोन् महिने काळे पट्टे राहतात.

सर्वांत खोल जातं ते फिनॉल. १९६० च्या दशकात मायामीचे थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन या प्लास्टिक सर्जननी त्याचं मिश्रण रूढ केलं: फिनॉल, पाणी, साबण आणि जमालगोट्याचं तेल, अवघे तीन थेंब. काम फिनॉल करतं आणि तेल नाममात्र आहे, असा समज बरीच वर्षं होता. २००० साली ग्रेगरी हेटर यांनी मिश्रणाचं प्रमाण बदलत नेऊन दाखवलं, की खोली ठरवण्यात या तीन थेंबांचा वाटा फार मोठा आहे. फिनॉलचा परिणाम पुढे वीस वर्षंही टिकलेला दिसतो, तोंडाभोवतीच्या उभ्या चिरा त्याने जशा जातात तशा क्वचितच दुसऱ्या कशाने जातात. पण ते रक्तात शोषलं जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून ते शिरेतून सलाइन चालू ठेवून, हृदयाचा आलेख समोर ठेवून, चेहऱ्याचे भाग पाडून, मध्ये वेळ सोडून लावतात. शिवाय त्यानंतरची त्वचा कायमची फिकट होऊ शकते. गोऱ्या बाईच्या चेहऱ्यावर ते खपून जातं. सावळ्या चेहऱ्यावर पांढुरका मुखवटा चढवल्यासारखं दिसेल, म्हणून आपल्याकडे पूर्ण चेहऱ्याला फिनॉल लावण्याचा विचारही सहसा होत नाही.

घासून त्वचा काढण्याची रीतही (डर्माब्रेजन) शंभरीच्या पुढची आहे. जर्मनीत अर्न्स्ट क्रोमायर यांनी १९०५ च्या सुमारास दातांच्या डॉक्टरसारखी फिरती चाकं त्वचेवर वापरली, १९५० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये अ‍ॅब्नर कर्टिन यांनी गोठवलेल्या त्वचेवर तारेचा ब्रश फिरवला. रक्त उडणारं, हाताच्या कसबावर अवलंबून असलेलं हे काम आता मागे पडलंय. पार्लरमध्ये होणारं मायक्रोडर्माब्रेजन नावाने त्याचं भावंड, पण प्रत्यक्षात ते मृत पेशींचा सर्वांत वरचा पापुद्रा तेवढा घासतं. चार दिवस चेहरा तुळतुळीत लागतो, सुरकुतीला काही होत नाही. कार्बन पीलची कथाही जवळपास तीच.

लेझरची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यात बारामती आहे.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, डॉक्टरेट केली आणि १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. जगातला पहिला लेझर, थिओडोर मेमन यांचा माणकाचा लेझर, त्याच्या आदल्याच वर्षी लागला होता. सुरुवातीचे वायू-लेझर अणूंवर चालत आणि त्यांची ताकद अगदी तोकडी होती. पटेल यांनी अणूंऐवजी रेणूंच्या कंपनांकडे मोर्चा वळवला. नायट्रोजनच्या रेणूंना विजेने चेतवायचं आणि त्यांची ऊर्जा टकरीतून कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना द्यायची, ही त्यांची युक्ती. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. थोड्याच काळात त्याची शक्ती इतकी वाढली की तो धातू कापू लागला. आजही कारखान्यांत तो कापड, लाकूड, पोलाद कापतो.

शल्यचिकित्सेला तो उपयोगी पडला तो त्याच्या तरंगलांबीमुळे. १०,६०० नॅनोमीटरचा हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी त्याला अधाशासारखं शोषून घेतं. त्वचेचा सुमारे ७० टक्के भाग पाणीच. किरण पडला की वरच्या काही मायक्रोमीटरमधलं पाणी क्षणात उकळतं आणि पेशी वाफेत उडून जातात. खालचा भाग शेकला जातो, रक्तवाहिन्या बंद होतात, कोलॅजेनचे दोर आखडतात. जखम एकाच वेळी कापली, शेकली आणि आवळली जाते.

तरीही सुरकुत्यांसाठी त्याला तीस वर्षं थांबावं लागलं. आधीचा किरण अखंड चालायचा, उष्णता आजूबाजूला झिरपायची आणि कातडी जळून वण पडायचे. कोडं सुटलं ते वेळेच्या हिशेबाने. बोस्टनमध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक तत्त्व मांडलं: ज्या भागावर मारा करायचा त्याला थंड व्हायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात ऊर्जा ओतली तर उष्णता शेजारी पसरत नाही. त्वचेच्या त्या पातळ थराला थंड व्हायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. १९९० च्या दशकाच्या मध्यावर एक मिलिसेकंदाहून लहान, पण जोरकस ठोके देणारे कार्बन डायऑक्साइड लेझर आले, आणि पाठोपाठ अर्बियमचा. त्याची तरंगलांबी २,९४० नॅनोमीटर, पाण्यात तो कार्बन डायऑक्साइड लेझरच्या दहापटीहून अधिक शोषला जातो. म्हणून तो स्वच्छ कापतो, शेकतो मात्र कमी. सुधारणाही त्याच प्रमाणात हलकी होते.

पूर्ण चेहरा असा सोलल्यावर सात ते दहा दिवस चेहरा ओला, सुजलेला आणि खपल्यांनी भरलेला असतो. मग लाली येते आणि ती तीन-चार महिनेही टिकते. संसर्गाची भीती असते, ओठांवरच्या पाणफोडांचा विषाणू जागा होऊन पूर्ण चेहऱ्यावर पसरू शकतो, म्हणून आधीच त्याचं औषध सुरू करतात. आणि सहा महिने, वर्षानंतर, सगळं नीट झालं असं वाटत असताना, काहींच्या त्वचेचा रंग कायमचा उतरतो. परिणाम मोठे होते, पण त्यांची किंमतही तशीच होती.

२००४ मध्ये डीटर मॅनस्टाइन आणि अँडरसन यांच्या गटाने यातून वाट काढली. पूर्ण चेहऱ्यावर किरण न फिरवता त्यांनी त्वचेत केसाएवढ्या जाडीचे हजारो उभे स्तंभ भाजले आणि मधली त्वचा निरोगी ठेवली. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके थोडे आणि मोकळी जागा पुष्कळ असते, तसंच काहीसं. प्रत्येक ठिपक्याभोवती शाबूत पेशी असल्याने जखमेचं तोंड एका दिवसात बंद होतं आणि मेलेला कचरा आठवडाभरात वर येऊन बारीक तपकिरी कण होऊन झडतो. हेच फ्रॅक्शनल लेझर. काही प्रकारांत स्तंभातली त्वचा वाफ होऊन उडते, काहींत वरचा पापुद्रा जागेवर राहतो आणि आत फक्त भाजलं जातं. पहिला प्रकार जास्त काम करतो, दुसरा लवकर बरा होतो. एका बैठकीत त्वचेचा किती टक्के भाग ठिपक्यांखाली येईल, हे यंत्रावर आकडा टाकून ठरवता येतं. खोलीइतकाच हा दाटीचा आकडा महत्त्वाचा, आणि आपल्यासाठी तर जास्तच.

मायक्रोनीडलिंगमध्ये हेच ठिपके सुयांनी पाडतात. इथे उष्णता नसते, त्यामुळे रंगपेशी कमी बिथरतात, म्हणून सावळ्या त्वचेसाठी हा पर्याय बऱ्यापैकी सुरक्षित मानला जातो. मात्र उपयोग मुरुमांच्या खड्ड्यांवर जास्त, खोल सुरकुत्यांवर बेताचा.

आता आपल्या त्वचेकडे. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून वर्गवारी केली. पुढे तिचे सहा प्रकार झाले. कधीच न काळवंडणारा, फक्त भाजणारा पहिला आणि गडद काळा सहावा. महाराष्ट्रातले बहुतेक चेहरे चौथ्या-पाचव्यात बसतात. आपल्या रंगपेशींची संख्या गोऱ्या माणसाहून फारशी जास्त नसते, पण त्या कामसू असतात आणि चटकन चेततात. खरचटलं, भाजलं, मुरूम फुटला, डास चावला, तरी मागे काळा डाग राहतो, हा प्रत्येकाचा अनुभव. लेझर आणि पील याही जखमाच. दाहाच्या वेळी सुटणारी रसायनं रंगपेशींना डिवचतात आणि त्या ज्यादा मेलॅनिन ओततात. हा रंग वरच्या थरात राहिला तर तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत विरतो. अंतस्त्वचेत गळला तर राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं जात नाही. म्हणजे उन्हाचे डाग घालवायला गेलेली बाई आधीपेक्षा गडद डाग घेऊन परत येऊ शकते. हा क्वचितचा अपघात नाही. सावळ्या त्वचेवरच्या लेझरचा हा सर्वांत जास्त दिसणारा दुष्परिणाम आहे.

वांगाच्या बाबतीत तर विशेष जपायला हवं. वांगामागे ऊन, संप्रेरकं आणि आनुवंशिकता असं तिहेरी कारण असतं, आणि लेझरने वरचा रंग काढला तरी कारणं शिल्लकच राहतात. जोरकस लेझरने वांग पुष्कळदा उसळून येतो. ‘लेझर टोनिंग’ नावाने दर आठवड्याला सौम्य मारा करण्याची पद्धत आहे. तिच्या फार बैठका झाल्या तर काळ्या डागांच्या मध्ये पांढरे ठिपके उमटतात आणि ते काळ्यापेक्षा अवघड ठरतात. वांगासाठी मी तरी लेझर अगदी शेवटी ठेवीन.

म्हणून जाणते डॉक्टर आपल्या त्वचेवर कमी ऊर्जा, विरळ ठिपके आणि दोन बैठकांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवतात. आधी दोन-चार आठवडे रंगपेशी शांत करणारी मलमं आणि सनस्क्रीन देतात, कानामागे लहानशी चाचणी करून पाहतात. कडक उन्हाळ्यात ते शक्यतो टाळतात. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात अतिनील निर्देशांक भर दुपारी ११ च्या पुढे जातो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती सर्वांत वरची पायरी आहे. त्याच महिन्यांत लग्नसराई असते. लग्नाच्या तीन आठवडे आधी पहिल्यांदाच पील करून घ्यायला येणाऱ्या मुलीला ‘आता नको’ सांगणारा डॉक्टर मिळाला, तर तो चांगला डॉक्टर समजावा.

यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. १९७५ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि आयसॅक विलिस यांनी डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं एकत्र मलम सुचवलं. योग्य रुग्णाला, ठरावीक आठवड्यांपुरतं, ते उत्तम काम करतं. भारतात त्याचे अवतार गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय विकले गेले, मैत्रिणीने मैत्रिणीला सुचवले. सततच्या स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. अशा चेहऱ्यावर पील किंवा लेझर केलं तर इजा किती खोल जाईल याचा अंदाजच चुकतो. डॉक्टरने विचारलं नाही तरी कोणतं क्रीम किती दिवस लावलं, हे रुग्णाने सांगावं. क्रीमची ट्यूबच सोबत न्यावी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, ओठांवर वारंवार पाणफोड येत असतील, कानाच्या छिद्राचा किंवा लसीचा वण फुगत गेला असेल, घरात कोणाला कोड असेल, तर तेही.

काढायचा डाग नक्की कशाचा आहे, हे आधी ठरायला हवं. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत उन्हाने जुन्या झालेल्या त्वचेवर खरखरीत लालसर चट्टे येतात आणि त्यांतले काही पुढे कर्करोगाकडे वळतात. आपल्याकडे ते प्रमाण कमी, पण शून्य नाही. आकार बदलणारा, कडा वेड्यावाकड्या असणारा, रक्त येणारा तीळ किंवा डाग तपासल्याशिवाय लेझरने उडवला, तर निदानाची खूणच नाहीशी होते. पार्लरमध्ये किंवा दहा दिवसांच्या प्रशिक्षणावर यंत्र हाती घेतलेल्याकडे जाऊ नये, याला माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे. त्वचारोगात एमडी किंवा पदविका आहे का, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच वाटून घेऊ नये.

अपेक्षेचंही माप असावं. त्वचेचा खडबडीतपणा, बारीक रेषा, वरवरचे डाग, मुरुमांचे उथळ खड्डे यांवर हे उपचार चालतात. हसताना डोळ्यांच्या कडेला किंवा रागावल्यावर भुवयांमध्ये पडणाऱ्या आठ्या स्नायूंच्या असतात, त्या सोलून जात नाहीत. लोंबलेली हनुवटी आणि खाली उतरलेले गाल तर हाड, चरबी आणि स्नायुबंधांचा विषय. आणि निकाल पंधराव्या दिवशी दिसत नाही. पंधराव्या दिवशी जे तेज दिसतं त्यात सूज असते. नवं कोलॅजेन तीन ते सहा महिने घडत राहतं, तेव्हा जाहिरातीतलं ‘नंतरचं’ छायाचित्र कितव्या दिवशी घेतलं, हे विचारावं.

यंत्राविना, रोज रात्री लावायच्या मलमानेही काही प्रमाणात हे साधतं. मुरुमांसाठी आलेलं ट्रेटिनॉइन वापरणाऱ्या वयस्क बायकांची त्वचा मऊ झाल्याचं क्लिगमन यांच्या लक्षात आलं, आणि १९८६ मध्ये त्यांच्या गटाने उन्हाने जुन्या झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. सुरुवातीला आग होते, साल निघते, गरोदरपणात ते चालत नाही, आणि फरक दिसायला महिने लागतात. पण कोलॅजेनवरचा त्याचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झालेला आहे आणि खर्च लेझरच्या एका बैठकीच्या मानाने किरकोळ.

सनस्क्रीनबद्दल ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावचा अभ्यास सांगण्यासारखा आहे. तिथे ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांचे दोन गट केले. एकाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने आपल्या मनाप्रमाणे. साडेचार वर्षांच्या आधी आणि नंतर हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे घेऊन तुलना केली. रोज लावणाऱ्यांची त्वचा दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली होती. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाटलीवरचा एसपीएफ आकडा मुख्यतः यूव्हीबीचं रक्षण सांगतो, यूव्हीएसाठी ‘पीए’ पुढच्या अधिक चिन्हांकडे पाहावं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ निघेल एवढं क्रीम लागतं, आणि बाहेर असल्यास दोन-तीन तासांनी पुन्हा. आपल्या त्वचेला अतिनीलखेरीज साध्या दृश्य प्रकाशानेही काळेपणा येतो. त्याला पांढरं सनस्क्रीन फारसं अडवत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं, आणि वांग असलेल्यांनी किंवा लेझर करून घेणाऱ्यांनी तेच मागावं. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात. दाट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ असेल तर तो अतिनील आणि दृश्य दोन्ही प्रकाश अडवतो, दर तीन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही, आणि लेझरनंतरच्या आठवड्यांत तर, स्वच्छ धुतलेला असला, तर तो डॉक्टरच्या चिठ्ठीत लिहावा इतक्या कामाचा आहे.